दर उन्हाळ्यात बागेतला हौद गळतो : तडा येतो कुठून आणि थांबवायचा कसा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. अंगणात जमिनीवर बांधलेला कमळाचा हौद, गुडघ्याच्या थोडा वर, विटांचा. पावसाळा आणि हिवाळा ठणठणीत जातो. होळी झाली की पाणी रोज जरा जास्तच खाली दिसायला लागतं. एप्रिलात भिंतीला नाहीतर तळाच्या कडेला तडा सापडतो. गवंडी येतो, तडा बुजवतो, पैसे घेऊन जातो. पुढच्या उन्हाळ्यात तडा पुन्हा तिथेच, किंवा हातभर सरकून.

आमच्या परभणीच्या घरी असं सलग तीन उन्हाळे झालं. हौद आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट खोल. भिंत ९ इंची, आतून सिमेंटचा गिलावा, तळाला कोबा. पहिल्या वर्षी फक्त तडा खरवडून सिमेंट भरलं. दुसऱ्या वर्षी आतला सगळा गिलावा काढून वॉटरप्रूफिंगची पावडर घालून नवा केला. तिसऱ्या वर्षी ताणलं तरी फाटत नाही असं सांगून विकलेल्या रंगाचे दोन हात मारले. तिन्ही वेळा काम मन लावून केलेलं होतं, मी स्वतः उभी होते. तिसऱ्यांदा तडा दिसला तेव्हा आमचे गवंडीमामा हौदाच्या कडेला बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "ताई, भित न्हाई हालायली, भुई हालायली. मी वरून किती बी थापलो तरी ती खालून वढायलीच."

मराठवाड्यातल्या अशा बहुतेक हौदांचं दुखणं या एका वाक्यात आहे. पण भुईवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतात, कारण काही वेळा हौद गळतच नसतो.

खरंच गळतोय का?

आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या उन्हाने आणि वाऱ्याने दिवसाला सेंटिमीटरभर उतरते. गरम वारा सुटला तर त्याहून जास्त. कारंजं चालू असेल तर थेंब वाऱ्यावर उडून जातात ते वेगळंच. त्यामुळे "रोज पाणी भरावं लागतं" एवढ्यावरून गळती ठरवू नका.

बादलीची चाचणी करा. हौदात विटा रचून त्यावर बादली ठेवा, तिचा काठ पाण्याच्या दोन-तीन इंच वर राहील अशी. बादलीत हौदाचंच पाणी घाला, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा आणि दोन्हीकडे खूण करा. कारंजं बंद ठेवा, पाणी भरू नका, २४ तास थांबा. बादली पाण्यातच असल्यामुळे दोन्हीकडच्या पाण्याला ऊन आणि उष्णता साधारण सारखीच मिळते. दोन्ही खुणांखाली पाणी सारखंच उतरलं असेल तर ते हवेत गेलं, आणि गवंड्याला बोलवायचं कारण नाही. हौदातलं जास्त उतरलं असेल तर जो फरक येईल ती गळती.

माझ्याकडे बादलीत १ सेंटिमीटर उतरलं आणि हौदात ४. आमच्या मापाच्या हौदात १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ५५ लिटर पाणी. म्हणजे रोज दीडशे लिटरच्या वर पाणी जमिनीत जात होतं. ज्या भागात २०१६ च्या एप्रिलात लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा आकडा कागदावर लिहिताना हात थांबतो. हौद दुरुस्त होईपर्यंत त्यात पाणी भरायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं. तुम्हीही तेच करा. गळका हौद रोज भरत राहण्यात पाणी तर जातंच, शिवाय तडा वाढतो. का, ते पुढे येईल.

कुठून गळतोय?

मासे बाजूला काढा आणि पाणी उतरू द्या. ज्या पातळीवर ते थांबेल, म्हणजे बादलीइतकंच उतरायला लागेल, त्या पातळीच्या ओळीत चारही बाजूंनी शोध घ्या. पाणी तळापर्यंत गेलं तर गळती कोब्यात किंवा कोबा आणि भिंतीच्या सांध्यात. संशयाच्या जागी पाणी अगदी स्थिर असताना पिचकारीने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने दुधाचे चार थेंब हळूच सोडा. गळती असेल तर दुधाची पांढरी रेघ तिकडे ओढली जाते. हे डोळ्यांनी दिसतं, वाद राहत नाही.

भिंतीतून काढलेला निचऱ्याचा पाईप सगळ्यात आधी बघा. सिमेंट आणि प्लॅस्टिक एकमेकांना धरत नाहीत, उन्हाळ्यात पाईप वेगळा फुगतो, भिंत वेगळी, आणि भोवती केसाएवढी फट पडते. नुसती एवढीच गळती असेल तर तुम्ही नशीबवान आहात. पाईप कापून भोक कायमचं बुजवा आणि पाणी पुढे सायफनने काढत जा.

तडा काय सांगतो

तडे सगळे सारखे नसतात आणि त्यांच्या आकारावरून बरंच कळतं.

गिलाव्यावर सगळीकडे जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर तो गिलावा उन्हात फार लवकर वाळला, त्याला पाणी कमी पडलं. हे वरवरचं आहे, यात भुईचा दोष नाही. कोपऱ्यात उभा, खालपासून वरपर्यंत सरळ तडा असेल तर तिथे विटांचा सांधा नीट गुंफला गेलेला नाही आणि पाण्याच्या रेट्याने दोन भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. हा रेटा लोक फार कमी धरतात. २ फूट पाणी असलं की भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे १८० किलोचा आडवा रेटा बसतो. ३ फूट पाणी केलं की तोच ४०० च्या वर जातो, म्हणजे खोली दीडपट तर रेटा सव्वादोनपट. "अजून एक थर विटा चढवू" म्हणून उंची वाढवणाऱ्यांनी हे आधी बघावं. ४ इंची भिंतीवर असा हौद उभारूच नये.

तळ आणि भिंत यांच्या सांध्यात आडवी रेघ असेल, किंवा लांब भिंतीच्या मधोमध उभा तडा असेल आणि तो एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक असेल, तर मात्र जमीन हलते आहे. तडा वर रुंद म्हणजे भिंतीची टोकं खाली बसली किंवा मधला भाग वर उचलला गेला. खाली रुंद म्हणजे मधला भाग बसला. आमचा वर रुंद होता, पाच रुपयांचं नाणं आत जाईल इतका.

शंका असेल तर बाहेरच्या बाजूने तड्यावर आडवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा ठिपका लावा आणि त्यावर तारीख लिहा. महिनाभरात ठिपका चिरला तर तडा जिवंत आहे. जिवंत तड्यात काहीही भरलं तरी ते टिकणार नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

भुई हलते म्हणजे काय होतं

परभणी, नांदेड, हिंगोली, लातूर, गोदावरीच्या आणि पूर्णेच्या काठची जमीन खोल काळी आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाईट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते. पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कापूस आणि तुरीला हीच माती ओल धरून सांभाळते, म्हणून तिच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. पण तिच्यावर हलकं बांधकाम केलं की ती त्याला खेळवते. दुमजली घराच्या वजनाखाली ती बरीच दबून राहते. आमचा हौद भरलेला असतानाही त्यात पाणी सव्वातीन टनांच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो. फुगणारी माती याच्या कितीतरी पट जोर लावते. कुंपणाची भिंत, ओटा, हौद यांनाच तडे का जातात आणि मागचं घर का शाबूत राहतं, याचं उत्तर हे.

सगळी जमीन एकसारखी फुगली-आकसली असती तर हौद पाटासारखा वर-खाली झाला असता आणि काही बिघडलं नसतं. बिघडतं ते असमान ओलीमुळे. हौदाच्या खालची माती सावलीत असते, ओलसर राहते. कडेची माती उन्हात सुकते, आणि कोपऱ्यांखालची दोन बाजूंनी सुकते. म्हणून उन्हाळ्यात कोपरे बसतात, मध्य तसाच राहतो आणि भिंत वरून फाटते. त्यात एकदा गळती सुरू झाली की ते पाणी नेमकं हौदाच्या पोटाखाली जाऊन मधली माती आणखी फुगवतं. तळ वर उचलला जातो, कडेचा सांधा आणखी उघडतो, गळती वाढते. गळका हौद भरत राहू नका असं वर म्हटलं ते यासाठी.

आमच्याकडे याला एक जोड होती. पश्चिमेच्या टोकापासून ८ फुटांवर कडुनिंब आहे. उन्हाळ्यात झाड आपल्या मुळांनी त्या बाजूची ओल ओढून घेतं आणि तेवढा कोपरा जास्त बसतो. कडुनिंब तोडायचा सल्ला मला दोघांनी दिला. तो मी मानला नाही. बाभळी आणि निंबाशिवाय इथे सावली कोण देतं? झाडाजवळ हौद बांधला ही चूक माझी होती आणि दुरुस्ती हौदाचीच करायची होती.

बांधलेल्या हौदाचा उपाय

तीन वर्षांनी मला जे उमगलं ते असं : पाणी धरायचं काम आणि रेटा सोसायचं काम एकाच गिलाव्याकडून करून घ्यायचं नाही. भिंतीने रेटा सोसावा. पाणी धरायला आत वेगळं, वाकणारं अस्तर हवं. मग भिंत दोन-चार मिलिमीटर उघडली-मिटली तरी पाण्याला त्याचा पत्ता लागत नाही.

हे अस्तर आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. शेततळ्यात घालतात तोच ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तालुक्याच्या गावीही तो विकणारे झाले आहेत. भारतीय मानकाचा आयएस १५३५१ क्रमांक छापलेला बघून घ्या, आणि तो ऊन सोसणारा आहे ना हे विचारा. साधी काळी पन्नी किंवा ताडपत्री घेऊ नका, दोन उन्हाळ्यांत तिचा चुरा होतो. रबराचं ईपीडीएम अस्तर यापेक्षा मऊ असतं, कोपऱ्यात छान बसतं, पण महाग पडतं. लहान हौदाला शेततळ्याचा कागद पुरतो असा माझा अनुभव आहे.

माप काढताना लांबीत दोनदा खोली मिळवा आणि दोन्ही काठांवर एकेक फूट जास्त धरा. आमच्या हौदाला १० + ४ + २ म्हणजे १६ फूट आणि ६ + ४ + २ म्हणजे १२ फूट. एवढा तुकडा अखंड घ्या. जोड देऊन मोठा केलेला कागद छोट्या हौदात नको. जोड तिथेच उसवतो.

कामाचा क्रम असा ठेवा. मासे त्यांच्याच पाण्यासह टबात काढून सावलीत ठेवा आणि हवेचा पंप लावा. हौदाचं पाणी दूरच्या झाडांना द्या, हौदाच्या पायाशी सोडू नका. आतली टोकदार खडी, खिळे, सुटलेला गिलावा काढून टाका. तडे साध्या सिमेंटने भरा, इथे ते फक्त खळगा बुजवायला आहे. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे सगळीकडून वाटा मारून घ्या, म्हणजे काटकोन जाऊन गोलाई येईल. कागद काटकोनात ताणला जातो आणि तिथेच फाटतो. भिंतीच्या माथ्याची धारही घासून गोल करा. मग जुन्या फ्लेक्सच्या बॅनरचे दोन थर अंथरा. गोणपाट वापरू नका, ते ओलीने कुजतं आणि वाळवीला आमंत्रण देतं.

कागद दुपारी अंथरावा. उन्हात तो मऊ पडतो आणि घड्या मनासारख्या बसतात. अनवाणी पायांनी आत उतरा. कोपऱ्यात जादा कागदाची एकच मोठी, नीट घडी घाला, दहा बारीक चुण्या नकोत. ताणून बसवू नका, रात्री गार झाला की तो आकसतो. थोडा सैल सोडा. वितभर पाणी भरा, घड्या हाताने सारख्या करा, पुन्हा वितभर भरा. पूर्ण भरल्याशिवाय काठ बांधू नका. भरल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि मग काठावरचा कागद शहाबादी फरशीखाली दाबा. फरशी आतल्या बाजूला दोन इंच पुढे काढा. पाण्यावरची कागदाची पट्टी उन्हाने सगळ्यात आधी मरते, तिला ही सावली पुरते.

कागदाला भोक पाडायचं नाही, कशासाठीच नाही. पंपाची वायर, पाणी भरायची नळी, सगळं काठावरून. आणि पंप बसवणार असाल तर त्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारं बटण, लावूनच घ्या. ओल्या हाताने माणसं हौदात हात घालतात, पोरं तर घालतातच. त्याच कारणाने लहान मूल घरात असेल तर हौदावर जाळी हवी. दोन फूट पाणीही त्याला फार आहे.

भिंतीचं दुखणं कमी करायचं तर बाहेरून हौदाभोवती तीन फूट रुंदीची फरशी करा, उतार बाहेरच्या बाजूला. पावसाचं पाणी पायात मुरत नाही आणि उन्हाळ्यात कडेची माती एकदम सुकत नाही. फरशी परवडत नसेल तर तेवढ्या पट्टीत पाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा. मातीची ओल वर्षभर जितकी सारखी राहील तितकी ती कमी हलेल.

नवा बांधत असाल तर

झाडापासून लांब जागा घ्या. काम दिवाळीनंतर जमीन वाफशावर असताना सुरू करा. मे महिन्यात कोरड्याठाक, भेगाळलेल्या मातीवर बांधलं तर पहिल्याच पावसात ती फुगून वर येते. काळी माती दोन-तीन फूट असेल तर खाली मुरूम लागेपर्यंत काढून टाका. आमच्यासारखी खोलच खोल असेल तर दोन-अडीच फूट काढून तिथे चिकट मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसाने ठोकलेला. निव्वळ वाळू भरू नका. तिच्यातून पाणी सरळ खालच्या काळ्या मातीपर्यंत पोचतं. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांखालीसुद्धा असाच न फुगणाऱ्या मातीचा थर देतात. त्यावर ५-६ इंचाचा सळईची जाळी घातलेला अखंड स्लॅब, भिंतीच्या बाहेर सहा इंच निघालेला, आणि त्यावर भिंत. म्हणजे हललं तरी सगळं एकत्र हलेल. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी फिरणारा काँक्रीटचा पट्टा द्या, कोपऱ्यात सळई वळवून. अस्तर त्यातही घालाच.

छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत हौदाखालच्या मोठ्या दालनात उतरून बघा. वरच्या हौदाचा तळ म्हणजेच या दालनाचं छत, आणि ते जाडजूड खांबांच्या रांगांवर तोललेलं आहे. जमिनीच्या वर पाणी धरायचं तर खालचा आधार किती गंभीरपणे घ्यावा लागतो, हे मला तिथे उभं राहून जितकं समजलं तितकं कुणाच्या सांगण्याने समजलं नव्हतं.

अस्तरानंतर राहणाऱ्या तक्रारी

अस्तर घातल्यावरही पाणी जास्त उतरतंय असं वाटलं तर आधी काठ बघा. कुठे कागद दुमडून पाण्याखाली गेला असेल, किंवा काठावरच्या कुंडीची मुळं नाहीतर शेवाळाचा धागा पाण्यातून बाहेरच्या मातीपर्यंत गेला असेल तर तो वातीसारखा पाणी बाहेर ओढतो. लेव्हल ट्यूबने चारही काठ एका पातळीत आहेत का तेही तपासा.

उन्हाने उडणारं पाणी कमी करायला निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग कुमुदिनीच्या पानांनी झाकू द्या आणि एप्रिल-मेमध्ये वर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधा. पश्चिमेची भिंत बाहेरून चुन्याने पांढरी करा. जमिनीवरच्या हौदाला चारही बाजूंनी ऊन लागतं, आणि पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडायला लागले तर तेच कारण समजा.

बोअरचं पाणी जड असतं. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा क्षारच भरतो. पंधरा दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी काढून झाडांना द्या आणि तेवढं ताजं भरा. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी हौदात घालू नका, त्यात क्षार आधीच साठलेले असतात. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग घाला. आणि गप्पी मासे सोडाच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

आमच्या हौदाच्या बाहेरच्या गिलाव्यावर तो जुना तडा अजून आहे. मेमध्ये नाणं जाईल एवढा उघडतो, ऑगस्टमध्ये नखही जात नाही एवढा मिटतो. अस्तर घातल्यानंतरच्या मे महिन्यात मी पुन्हा विटांवर बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खुणांखाली पट्टी धरली तर बादलीत ११ मिलिमीटर आणि हौदातही ११.